कितवी शिट्टी झाली?

"आवाज बंद करून खेळ!" हे वाक्य आमच्या घरात रोज संध्याकाळी वेगवेगळ्या पट्टीत ऐकू येतं. बायको ते स्वयंपाकघरातून म्हणते, मी पेपराआडून म्हणतो, आणि खालच्या मजल्यावरचे काका झाडूच्या दांड्याने आपल्या छताला ठोकून म्हणतात. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ते १४ वर्षांचे चिरंजीव दार लावून कुठल्या तरी राक्षसाशी झुंजत असल्यामुळे त्यांना त्यातलं काहीच ऐकू जात नाही.

घरात एकच व्यक्ती हे वाक्य कधी म्हणत नाही. माझी आई. वय ७९. तिने आयुष्यात गेमच्या बटणाला हात लावलेला नाही; टीव्हीचा रिमोटसुद्धा ती सांडशीत गरम पातेलं धरावं तसा धरते. पण हॉलमध्ये वाती वळत बसली असताना बंद दारामागे काय चाललंय हे घरात फक्त तिलाच माहीत असतं.

"आई, ह्याला जेवायला हाक मारू का?" बायको विचारते.

आई वात अर्धी सोडून कान टवकारते. "आत्ता नको. मोठा आलाय."

'मोठा' म्हणजे बॉस. प्रत्येक पातळीच्या शेवटी दार अडवून बसलेला मुख्य राक्षस. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईने "म्हणजे ह्याच्या ऑफिसातला?" असं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, आणि चिरंजीवांनी "साधारण तसाच, पण ह्याला हरवता येतं" असं उत्तर दिलं होतं.

पाचेक मिनिटं जातात. आई मान हलवते. "मेला."

"कोण, राक्षस?"

"नाही गं, आपला. आता परत पहिल्यापासून." मग आणखी दोन वाती होतात, आतलं संगीत एकदम सैल पडतं, कुठे तरी पियानोचे दोन सूर टपटपतात आणि आई म्हणते, "हं. वाढ आता."

आणि दार उघडून चिरंजीव खरोखरच बाहेर येतात.

पहिल्यांदा मला हा चमत्कार वाटला. मग लक्षात आलं, या बाईने पन्नास वर्षं घर कानांनी चालवलंय. नळाला पाणी आलं ते अंथरुणातून कळायचं. फाटकाच्या कडीवरून पाहुणा कोण ते कळायचं. फोडणीतली मोहरी किती तडतडली यावरून जिरं कधी टाकायचं ते ठरायचं. आणि कुकर तर काय, तीन खोल्या पलीकडून ती "कितवी शिट्टी झाली?" असं विचारायची, ते फक्त आमची परीक्षा घ्यायला; उत्तर तिला ठाऊकच असायचं. अशा कानांना गेमचं संगीत म्हणजे नवीन जातीचा कुकर.

सध्या ज्याची शिट्टी वाजते तो खेळ म्हणजे 'हॉलो नाइट'. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातल्या दोन-तीन जणांच्या चमूने तो २०१७ साली काढला. त्यातला नायक किडा, खलनायक किडे, दुकानदारही किडाच. म्हणून आमच्याकडे त्याला 'झुरळांचा खेळ' म्हणतात. त्याचं संगीत ख्रिस्टोफर लार्किन यांचं. या खेळात एक ठिकाण आहे, जमिनीखालचं शहर, जिथे पाऊस कधी थांबतच नाही. चिरंजीव पहिल्यांदा त्या शहरात पोचले तेव्हा एप्रिल महिना होता. बंद दारामागून पावसाची संततधार आणि त्यावर एका बाईचा उदास आलाप ऐकू आला. आईने वाती टाकल्या, गॅलरीत धावली आणि दोरीवरचे सगळे कपडे गोळा करून आणले. बाहेर ऊन रणरणत होतं. एखाद्या संगीतकाराला याहून मोठी दाद ती काय मिळणार! आलाप ऐकून डोळे मिटणारे पुष्कळ भेटतात. कपडे काढणारा श्रोता एखादाच.

त्याच खेळात नाकतोड्यांच्या भाऊबंदांतले तीन सरदार आहेत. तीन सिंहासनांवर बसलेले. आपण आव्हान दिलं की एक जण उतरतो, तो हरला की उरलेले दोघं एकदम येतात. आधी क्षणभर काहीच वाजत नाही, मग व्हायोलिनं अशी काही सुटतात, की बाहेर हॉलमध्ये माझा पाय आपोआप हलायला लागतो आणि स्वयंपाकघरात पोळ्या दुप्पट वेगाने लाटल्या जातात. (त्या दिवशीच्या पोळ्यांचे आकारही लढाईचा नकाशा असावा तसे येतात.) शेवटी हरलेले सरदार आपल्याला अदबीने मान लववतात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही लढाई अशीच एकानंतर दोघं या पद्धतीने होते. मान लववण्याचा भाग अजून कुणी पाहिलेला नाही.

मी चिरंजीवांवर ओरडतो खरा, पण ओरडताना जीभ जरा चावली जाते. कारण हेच वाक्य मी स्वतः लहानपणी कराडमध्ये ऐकलेलं आहे. नव्वदीच्या दशकात घरोघरी 'टीव्ही गेम' आला. जपानी यंत्राची कुणी तरी केलेली नक्कल, सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं आणि आत फिरून फिरून तेच पाच-सात खेळ. कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्यावर फुंकर मारायची. लागल्यावर आई गुडघ्यावर मारते तशी. दोन्हींचा उपयोग सारखाच, पण बरं वाटायचं.

बाबांच्या बातम्यांची वेळ टळली की टीव्ही मला मिळायचा, अट एकच: आवाज बंद. आणि आवाज बंद केला की माझा मारिओ हमखास मरायचा. खड्ड्यात पडून नाही, कासव चावून नाही; नुसता धावता धावता वेळ संपून. कोपऱ्यात वेळेचा आकडा उतरत असतो, पण तिकडे बघतो कोण? उधारीच्या वहीकडे गिऱ्हाईक बघतं तितपतच आम्ही त्या आकड्याकडे बघायचो. बघायची गरजही नसते. आकडा १०० च्या खाली गेला की एक छोटी धोक्याची धून वाजते आणि मग तेच गाणं भरधाव सुटतं. गाणं पळायला लागलं की अंगठे पळतात, डोक्याला विचारायला कुणी थांबत नाही. आवाज बंद म्हणजे हा निरोप बंद. बाबांच्या शांततेपायी कराडात किती मारिओ अकाली गेले याची नोंद कुठेही नाही.

ते गाणं १९८५ सालचं, कोजी कोंडो यांचं. त्यांना निन्टेंडो कंपनीत लागून जेमतेम वर्ष झालं होतं. सुरुवातीला खेळाचा कच्चा नमुना पाहून त्यांनी एक निवांत, सुस्तावलेली चाल केली होती. पण खेळ तयार होत गेला, मारिओ पळायला आणि उड्या मारायला लागला, आणि चाल मागे पडली. मग त्यांनी ती सोडून गड्याच्या पायांना जुळेल अशी ठसक्याची चाल बांधली. जमिनीवर ही चाल; जमिनीखाली गेलं की चोरपावलांनी चालल्यासारखे दबके सूर; पाण्यात शिरलं की एकदम तीन मात्रांचा झुला, आपल्या दादऱ्याच्या जवळचा; आणि किल्ल्यात गेलं की परीक्षेच्या हॉलमध्ये पोटात होतं तसलं काही तरी. डोळे मिटून कुणीही सांगावं, गडी कुठे आहे.

आणि हे सगळं किती वादकांत? त्या यंत्राच्या पोटात आवाजाचं बिऱ्हाड पाच जणांचं. दोघं चाल वाजवणारे, एक खालचा सूर धरणारा, एक नुसता खरखर करून ताल देणारा आणि पाचवा ध्वनिमुद्रणाचा एखादा तुकडा वाजवण्यापुरता. त्यातही मारिओने उडी मारली किंवा नाणं उचललं की तो आवाज काढायला वेगळा माणूस नाही. चाल वाजवणाऱ्यांपैकीच एक जण क्षणभर हातातलं काम टाकून 'टिंग' करून येतो. आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटीवाल्याकडेच चहा वाटायचं काम होतं, त्यामुळे चहा येई तेवढा वेळ अभंग मृदंगावर चाले. तेच हे. एवढ्या चणचणीत बांधलेली ही चाल २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्राने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. गेमच्या संगीताला तिथे जागा मिळण्याची ती पहिलीच वेळ. ही बातमी मी बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "त्यांना ठेवू दे. आपण आवाज बंदच ठेवू."

आईच्या आधी हा कान मी एकाच माणसाजवळ पाहिला होता. एसटी स्टँडसमोरच्या व्हिडिओ गेम पार्लरच्या मालकाजवळ. अंधाऱ्या गाळ्यात पाच मशिनं, पाचांचे आवाज एकात एक, आणि काउंटरमागे हा माणूस लॉटरीच्या निकालात डोकं घालून बसलेला. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ सालच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ला आम्ही 'मुस्तफा' म्हणायचो, कारण त्यातला पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा. डायनोसॉर वगैरे गौण. बाजूला 'स्ट्रीट फायटर टू'. त्यात एखाद्या पैलवानाचा जीव कमी राहिला की संगीत घाईला येतं. ती घाई कानावर पडली की मालक मान वर न करता गल्ला उघडून रुपयाची नाणी काढून ठेवायचा. पोरगं हरून वळतं न वळतं तोच पाच रुपयांचे सुटे तयार. त्या संगीताने आम्हाला लढायची हिंमत दिली असेल-नसेल, पण त्याचा धंदा बिनचूक चालवला. बहुतेक चाली योको शिमोमुरा या जपानी बाईंच्या. आपल्या भारताचाही त्यात मुक्काम होता: हत्ती आणि गळ्यात कवट्या घालून हातपाय लांबवणारा योगी. आम्ही त्या योग्याला घेऊन सतत हरायचो आणि देशासाठी पुन्हा रुपया काढायचो.

ही घाईची युक्ती मात्र त्याहून जुनी. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये वरून परग्रहवासीयांच्या रांगा सरकत येतात आणि मागे फक्त चार उतरते सूर, धप, धप, धप, धप. जसजसे कमी उरतील तसतसे ते वेगाने येतात आणि सूरही तसे धावतात. कर्ते तोमोहिरो निशिकाडो. गंमत म्हणजे शत्रूंचा तो वेग मुळात योजलेला नव्हता. पडद्यावर चित्रं कमी उरली की यंत्राचं ओझं हलकं होऊन उरलेली जास्त झपाझप काढली जायची. निशिकाडोंनी ते बघितलं आणि तसंच राहू दिलं. नोकरमाणसांच्या हे चटकन लक्षात येईल: काम कमी झालं की जे हाताशी आहे ते अंगावर जास्त जोरात येतं.

यात खरी कसरत वेगाची नाही, वाट बघण्याची आहे. सिनेमाच्या संगीतकाराला माहीत असतं, नायक अमुक मिनिटाला, तमुक सेकंदाला ठोसा मारणार. त्यावर तो तुताऱ्या ठेवतो. गेमच्या संगीतकाराला नायकाचा काडीचा भरवसा नाही. नायक ऐन रणांगणात उभा राहून नाक खाजवेल. राक्षसाला सोडून झाडावरची फळं तोडत बसेल. मधेच त्याची आजी त्याला दही आणायला पाठवेल. तोवर संगीताने काय करायचं? वाजत राहायचं, आणि तेच तेच वाजूनही वीट येऊ द्यायचा नाही.

म्हणजे हा माणूस सिनेमावाल्यांच्या जातीचा नाहीच. हा वरातीतला बँडमास्तर आहे. वरात कुठे किती वेळ अडेल हे ब्रह्मदेवाला सांगता येत नाही. चौकात मामा अंगात आल्यासारखे नाचायला लागले की गाण्याची शेवटची ओळ पाच वेळा, पन्नास वेळा फिरवायची. मामांनी दहाची नोट ओवाळली की ढोल चढवायचा. नवऱ्या मुलाचे वडील घड्याळ दाखवू लागले की गाणं न तोडता, कुणाला न कळता, चालत्या ठेक्यात आणायचं. कीर्तनातला मृदंगवाला तरी वेगळं काय करतो? नजर बुवांच्या पायांवर.

हेच काम यंत्राला शिकवायचं म्हणजे महाकठीण. लुकासआर्ट्स कंपनीतल्या मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल या दोघांनी 'आयम्यूज' नावाची पद्धत बांधली आणि १९९१ च्या 'मंकी आयलंड टू'मध्ये ती वापरली. चाचेगिरीची हौस असलेला नायक बंदरावरच्या वस्तीत एका खोपटातून दुसऱ्यात शिरला की चाल तीच राहते, पण वाद्यं बदलतात, आणि सांधा कुठे जुळला ते कळत नाही. सोपी युक्तीही आहे. एकाच गाण्याचे थर करून ठेवायचे आणि वेळ येईल तसा एकेकाचा आवाज उघडायचा. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये मारिओ योशी नावाच्या डायनोसॉरवर बसला की चालू गाण्यातच बोंगो वाजायला लागतात, उतरला की थांबतात. नवरदेव घोड्यावर बसला की ताशा, उतरला की सनई! 'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज' आमच्या ऑफिसात भर दुपारी चालायचा. मढ्यांची झुंड अंगणात शिरली की त्यात ड्रम सुरू होतात. ते ड्रम एका दुपारी स्पीकरमधून आले आणि मागोमाग खरा साहेब आला. संगीताने त्याचं काम चोख केलं होतं. आम्हीच त्याला गेममधल्या झुंडीपुरतं धरलं.

सगळंच काही रणवाद्य नसतं. १९९६ च्या 'रेझिडेंट ईव्हिल'मध्ये सगळा वाडा प्रेतांनी भरलेला, पण एखाद्या खोलीत शिरलं की हळुवार सूर लागतात आणि टेबलावर टाइपरायटर दिसतो. इथे खेळ साठवून ठेवायचा. इथे कुणी चावणार नाही. भित्र्या माणसाला त्या चार सुरांनी दिलेला धीर आयुष्यात फार कमी माणसांनी दिलेला असतो. आमच्या हॉस्टेलमध्ये एकाच्या कॉम्प्युटरवर 'फायनल फँटसी सेव्हन' चालायचा. त्यातला शेवटचा सेफिरॉथ समोर आला की नोबुओ उएमात्सु यांनी थेट लॅटिनमधलं समूहगान सोडलंय. तोवर सगळा खेळ बिनशब्दांच्या वाद्यांवर चाललेला, आणि ऐन वेळी ही गर्जना. खोलीत सहा जण श्वास रोखून उभे. दाराशी आलेला नागपूरचा मित्र क्षणभर ऐकत राहिला आणि म्हणाला, "आरती कोनाची चालू हाय बे?" त्याने चपला बाहेर काढल्या होत्या.

घरात या संगीताला प्रतिष्ठा मिळाली ती २३ जुलै २०२१ ला. तोक्यो ऑलिंपिकचं उद्घाटन. रिकामं स्टेडियम, देशोदेशींच्या पथकांचं संचलन, आणि ते सुरू झालं 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळाच्या चालीवर. पुढेही एकामागून एक गेमचीच संगीतं. तेव्हा १० वर्षांचे असलेले चिरंजीव टीव्हीसमोर खडे उभे राहून एकेक नाव सांगत होते. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन आले तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "ह्याच्या खोलीतलं गाणं तिथे कसं पोचलं?" त्या रात्रीनंतर तिने त्या खोलीच्या बाजूने कायमचं मत दिलं. 'माइनक्राफ्ट'ला तर ती दुपारच्या झोपेसाठी वापरते. त्यातले जर्मनीच्या सी४१८ यांचे पियानोचे सूर मनाला येईल तेव्हा उमटतात, मग कितीतरी वेळ शांतता. त्याने तोच खेळ लावावा म्हणून ती त्याला बेसनाचा लाडू देते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२५ मध्ये त्या संगीताचा अल्बमही जपायच्या यादीत घेतला; आमच्या घरी तो निर्णय लाडवाच्या पातळीवर आधीच झालेला होता.

अखेर खालच्या काकांच्या झाडूचा दांडा मोडला. माणुसकी म्हणून मी चिरंजीवांना हेडफोन आणला. पहिल्या संध्याकाळी घरात अशी काही शांतता पसरली, की फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. मी समाधानाने पेपर उघडला.

दुसऱ्या दिवसापासून गणित बिघडलं. जेवायला हाक मारली ती नेमकी राक्षसाच्या शेवटच्या श्वासाला. आतून किंचाळी आली. ती राक्षसाची नव्हती. तिसऱ्या दिवशी कुणीच हाक मारली नाही आणि आमटी गार झाली. पोळ्या गोल आल्या, पण जड. माझा पाय हलेना. खालचे काका नवा दांडा घेऊन वर आले आणि दारात घुटमळत विचारू लागले, "बाळ बरा आहे ना? दोन दिवस काही वाजलं नाही."

चौथ्या संध्याकाळी आई उठली, दार ढकललं आणि चिरंजीवांच्या डोक्यावरून हेडफोन उचलून घेतला. खोलीभर व्हायोलिनं सांडली.

"आजी, बाबाच म्हणाले आवाज बंद..."

"बाबाला काय कळतंय?" माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "शिट्टी काढून टाकलेल्या कुकरवर मी आजवर डाळ लावलेली नाही."

मग खुर्ची ओढून ती तिथेच बसली, कान देऊन जरा ऐकलं आणि वात वळायला घेतली.

"मोठाच आहे. खेळ तू. मी सांगते तिला, अजून वेळ आहे."